‘तिसरं लागलंय’ म्हणजे नेमके किती?

वाचक भगिनींचे पत्र: ‘आम्ही नागपूरला मानेवाडा भागात राहतो. माझा भाऊ अमेरिकेत फ्लोरिडात असतो. यंदा लक्ष्मीपूजन घरी करायचे, भाऊबीज त्याच्याकडे करायची आणि तिथूनच मुलांना ओरलँडोचे डिस्ने वर्ल्ड दाखवायचे असे ठरले आहे. सोबत सासूबाईही आहेत. मुलीचा जन्म १४ नोव्हेंबर २०१६चा आणि मुलाचा ९ डिसेंबर २०२३चा. तीन वर्षांखालील मुलाला तिकीट नाही, तीन ते नऊ वर्षांच्या मुलाला लहान मुलाचे तिकीट आणि दहापासून पुढे मोठ्या माणसाचे, असे भावाने कळवले आहे. मुलीचा दहावा वाढदिवस नेमका आम्ही तिथे असताना येतो आणि तो त्या उद्यानातच साजरा करायचा, असे तिने गेल्या वर्षीच जाहीर करून टाकले आहे. नणंदबाई म्हणतात, “सांगून द्याचं नऊची आहे म्हणून, कोण पाहून राह्यलं तिथं?” सासूबाईंचे म्हणणे असे की मुलगी त्रिपुरी पौर्णिमेची आहे, यंदाची त्रिपुरी २४ नोव्हेंबरला आहे, तोवर ती नऊचीच. मला दोन्ही पटत नाही. पण माझी खरी काळजी वेगळी आहे. मागच्या वर्षी मे महिन्यात शहराबाहेरच्या एका वॉटर पार्कमध्ये गेलो होतो. दारात लोखंडी नळ्यावर पिवळ्या रंगाची पट्टी मारलेली होती. रखवालदाराने मुलीला तिच्यापाशी उभे केले, तळहाताने तिची पोनी दाबली आणि “फुल तिकीट” म्हणाला. मी मोबाइलमधला जन्माचा दाखला दाखवला, साडेआठ वर्षांची आहे हो, असे सांगितले, तर तो म्हणाला, “मॅडम, इथं वय नाही चालत, उंची चालते.” मागे रांग होती, लोक पाहत होते. तेव्हापासून मुलगी फोटो काढताना खांदे पाडून, गुडघे किंचित वाकवून उभी राहते. आज ती चार फूट नऊ इंच आहे. तिकडेही असेच झाले तर? वय सिद्ध करायला कोणते कागद न्यावेत? मूळ पासपोर्ट उद्यानात घेऊन फिरावे लागेल का? आणि धाकट्याचे काय?’

उत्तर:

ताई, आधी तुमच्या काळजीचे थेट उत्तर देतो. ओरलँडोच्या उद्यानात तिकिटाचा प्रकार ठरतो तो वयावरून, उंचीवरून नव्हे. त्यामुळे तुमची कन्या पाच फुटांची असती तरी १३ नोव्हेंबरपर्यंत ती लहान मुलांच्याच तिकिटाला पात्र राहिली असती. वय धरायचे ते उद्यानात जाण्याच्या दिवशीचे. १४ नोव्हेंबरपासून तिला मोठ्यांचे तिकीट लागेल आणि धाकट्याला ८ डिसेंबरपर्यंत तिकिटाची गरजच नाही. दोघांच्याही वयाचा सर्वांत भक्कम पुरावा, म्हणजे पासपोर्ट, तुम्हाला प्रवासासाठी काढावाच लागला आहे, तेव्हा नव्याने कोणत्याही कचेरीची पायरी चढण्याचे कारण नाही. मात्र तुमच्या पत्रात दोन-तीन अशा जागा आहेत जिथे कागद बिनचूक असूनही माणसे अडकतात, आणि त्यांतली पहिली जागा कागदात नसून आपल्या बोलण्यात आहे.

आपण मराठीत मुलांचे वय दोन तऱ्हांनी सांगतो. एक, पूर्ण झालेले वर्ष. दुसरे, चालू असलेले. तुमच्या धाकट्याला आज कोणी विचारले तर घरातले निम्मे लोक ‘अडीच होऊन गेली’ म्हणतील आणि सासूबाई बहुधा ‘तिसरं लागलंय’ म्हणतील. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, कारण दुसरा वाढदिवस झाला त्याच दिवशी त्याला तिसरे लागले. अडचण येते ती हेच वाक्य इंग्रजीत नेताना. आपल्याकडची कितीतरी माणसे ‘थ्री रनिंग’ असे अगदी सहज म्हणतात आणि आपल्या डॉक्टरांना, शाळेतल्या बाईंना ते कळतेही. परंतु अमेरिकेतल्या दारावरच्या माणसाच्या कानावर त्यातला ‘थ्री’ तेवढा पडणार, आणि तीन म्हणजे तिकीट. मुलीच्या बाबतीत तसेच. तिला गेल्या १४ नोव्हेंबरपासून दहावे चालू आहे, पण तिकिटाच्या हिशेबात ती नऊची आहे. विमानाच्या, व्हिसाच्या, उद्यानाच्या कोणत्याही अर्जात वय विचारले असेल, तर पूर्ण झालेली वर्षेच लिहायची, आणि हे घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः जी माणसे हौसेने पुढे होऊन उत्तर देतात त्यांना, निघण्यापूर्वी सांगून ठेवायचे.

दुसरी जागा तारखेची. आपल्या पासपोर्टवर जन्मतारीख आकड्यांत छापलेली असते: आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. अमेरिकेत आधी महिना लिहितात. मुलीची तारीख १४/११/२०१६ अशी असल्याने तिच्याबाबत गोंधळ होणे शक्य नाही, चौदावा महिना कोणत्याच देशात नसतो. मुलाची तारीख मात्र ०९/१२/२०२३ आहे, आणि ती तिथल्या सवयीने वाचणारा माणूस १२ सप्टेंबर २०२३ असे वाचेल. म्हणजे नोव्हेंबरमध्ये तुम्ही जो पासपोर्ट तो अजून तीन वर्षांचा झालेला नाही हे दाखवण्यासाठी पुढे कराल, तोच पासपोर्ट तो तीन वर्षे दोन महिन्यांचा असल्याची साक्ष देईल. कागद खरा, तारीख खरी, वाचणाराही प्रामाणिक, आणि तरी निष्कर्ष चुकीचा. याला एक सोपा उपाय तुमच्याच पासपोर्टात आहे. अमेरिकेच्या व्हिसाचे जे पान चिकटवलेले असते, त्यावर जन्मतारखेतला महिना आकड्यात नसून इंग्रजी अक्षरांत असतो, म्हणजे नऊ, मग डिसेंबरची पहिली तीन अक्षरे, मग वर्ष. त्या पानाचा स्वच्छ फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि वेळ आलीच तर पासपोर्टच्या पहिल्या पानाऐवजी तोच दाखवा. तोंडानेही ‘डिसेंबर नाइन्थ’ असे महिन्याच्या नावासह सांगा. ज्यांच्या मुलांचा जन्म कोणत्याही महिन्याच्या १ ते १२ तारखेचा आहे, त्या सगळ्यांनी ही खबरदारी घ्यावी. १३ तारखेपासून पुढे जन्मलेल्यांनी निश्चिंत राहावे.

आता कागद मागतात का, हा प्रश्न. प्रत्येक मुलामागे जन्माचा दाखला तपासत बसले, तर एवढ्या मोठ्या उद्यानाच्या दारातली रांग संध्याकाळपर्यंत सरायची नाही; त्यामुळे साधारणपणे तोंडी सांगितलेल्या वयावर विश्वास ठेवला जातो. पण शंका आल्यास विचारण्याचा त्यांना अधिकार आहे, आणि शंका येण्याची शक्यता तुमच्या बाबतीत मुलीपेक्षा मुलासाठी अधिक आहे, कारण तीनाच्या उंबरठ्यावरचा, स्वतःच्या पायांनी पळणारा आणि मोठ्याने बोलणारा मुलगा फुकट आत जातो आहे. त्या दारावर तीन वर्षे आणि त्यापुढील पाहुण्यांच्या बोटाचा ठसा तिकिटाशी जोडून घेतात, म्हणजे वयाची चौकशी निघाली तर ती तिथेच निघेल. अशा वेळी फोटो हाताशी असला की संवाद अर्ध्या मिनिटात आटोपतो.

मूळ पासपोर्ट मुलांसाठी उद्यानात न्यायची गरज मला वाटत नाही. पाण्याच्या राइड, पावसाच्या सरी, दिवसभर खांद्यावर लोंबणारी पिशवी आणि झोपलेले मूल, इतक्या गोष्टी सांभाळताना पासपोर्ट हरवला, तर वाचलेल्या तिकिटाच्या कित्येक पट मनस्ताप होईल. मुलांचे मूळ पासपोर्ट भावाच्या घरी कुलपात ठेवा, दोघांच्या पहिल्या पानाची आणि व्हिसाच्या पानाची रंगीत प्रत प्लॅस्टिकच्या पाकिटात घाला आणि तेच फोटो तुमच्या व यजमानांच्या, अशा दोन्ही मोबाइलमध्ये ठेवा, कारण दुपारी तीनला नेमका ज्याच्याकडे फोटो आहे त्याचाच मोबाइल बंद पडतो. मोठ्यांचे मात्र वेगळे आहे. अठरा वर्षे आणि त्यापुढील परदेशी व्यक्तीने आपल्या नोंदणीचा पुरावा सोबत बाळगावा असा तिथला कायदा आहे. तुम्ही तिघांनी आय-९४ ही आगमनाची नोंद संकेतस्थळावरून छापून घ्यावी आणि ती कायम जवळ ठेवावी. सासूबाईंनी ती आपल्या बटव्यात ठेवली तरी चालेल, फक्त कोणत्या कप्प्यात आहे हे त्यांना आठवले पाहिजे.

धाकट्याचे निळे आधार कार्ड सोबत नेण्याचा विचार कोणी घरात बोलून दाखवला, तर तो सोडून द्या. परदेशात त्याचा उपयोग नाही हे उघडच आहे, पण आपल्याकडेही आधारविषयी मोठा गैरसमज आहे म्हणून थोडे विषयांतर करतो. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नव्हे, असे खुद्द आधार प्राधिकरणाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले; त्यानंतर जानेवारी २०२४ मध्ये भविष्य निर्वाह निधी संघटनेने जन्मतारखेच्या पुराव्यांच्या यादीतून आधार वगळले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघाताच्या नुकसानभरपाईच्या प्रकरणात आधारवरील तारखेऐवजी शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील तारीख ग्राह्य धरली. व्यवहारात मात्र आधार चालते, हेही तितकेच खरे. एसटीत पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांना २०२२ पासून मोफत प्रवास आहे आणि त्यासाठी आजी-आजोबा कंडक्टरपुढे आधारच धरतात. गंमत म्हणजे पूर्वी एसटीत वयाचा वाद व्हायचा तो पाच वर्षांच्या पोरांवरून; आता नातवाला कोणी काही विचारत नाही आणि आजीला मात्र पुरावा काढावा लागतो.

त्या पाच वर्षांवरून एक जुनी गोष्ट सांगतो, नणंदबाईंच्या सल्ल्याशी तिचा संबंध आहे. माझ्या लहानपणी आम्ही उमरेडला आजोळी एसटीने जायचो. पाच ते बारा वर्षांना अर्धे तिकीट आणि पाचाखाली माफ. मी सहा वर्षांचा होतो. कंडक्टर दोन बाकांवर आला की आई मला मांडीवर ओढून घ्यायची आणि वडील खिडकीबाहेर पाहत ‘साडेचार’ म्हणायचे. एकदा कंडक्टरने काही न बोलता माझ्या पायांकडे पाहिले. ते आईच्या मांडीवरून थेट बसच्या तळाला टेकले होते. त्याने तसेच मुकाट्याने एक अर्धे तिकीट फाडले, वडिलांनी मुकाट्याने पैसे दिले, आणि मी उमरेड येईपर्यंत पाय वर आखडून बसलो. वडिलांना तो प्रसंग पुढे आठवतही नव्हता. माझ्या मात्र आजही लक्षात आहे, कारण वयाबद्दल ते खोटे बोलले असले तरी लपवायला लागले होते माझे पाय. नणंदबाईंना मी दोष देत नाही. अर्ध्या तिकिटाच्या त्या काळात वाढलेल्या आपल्या सगळ्यांच्या जिभेवर ते उत्तर तयार असते. पण तुमची मुलगी दहा वर्षांची होते आहे, तिला इंग्रजी समजते, आणि तिच्या वयाचे जे काही सांगाल ते तिच्या डोक्यावरून जाणार नसून तिच्या देखतच सांगितले जाणार आहे. त्यातही ती आधीच उंचीने खांदे पाडून उभी राहते आहे.

बरे, यात वाचणार काय, तेही पाहा. लहान मुलाचे तिकीट मोठ्यांच्या निम्म्या दराचे असते ही आपली कल्पना रेल्वे आणि एसटीवरून आलेली आहे. ओरलँडोत तीन ते नऊचे तिकीट मोठ्यांच्या तिकिटापेक्षा थोडेसेच स्वस्त असते. खरी दरी आहे ती तिकीट न लागणाऱ्या तीनाखालच्या आणि तिकीट लागणाऱ्या तीनावरच्या मुलांमध्ये, आणि त्या दरीच्या फायद्याच्या बाजूला तुमचा मुलगा न मागता, खऱ्या वयानेच उभा आहे. मुलीच्या बाबतीत खोटे बोलून वाचवाल ती रक्कम एवढ्या प्रवासाच्या खर्चात दिसणारसुद्धा नाही.

आणि तिच्या वाढदिवसाचे काय करणार? त्या उद्यानात वाढदिवस असलेल्यांना एक गोल बिल्ला फुकट मिळतो, तो छातीवर लावला की दिवसभर तिथला प्रत्येक कर्मचारी, झाडणाऱ्यापासून राइडवर पट्टा बांधणाऱ्यापर्यंत, थांबून शुभेच्छा देतो आणि बहुतेक वेळा पुढचा प्रश्न असतो तो ‘किती वर्षांची झालीस?’ हाच. ज्या मुलीने वर्षभर दहाव्या वाढदिवसाची वाट पाहिली, तिने त्या प्रश्नाला नऊ म्हणायचे, की दहा म्हणून आईकडे चोरून पाहायचे? तिथल्या पदार्थ हवे तितके वाढून घेण्याच्या जेवणातही हीच वयोमर्यादा लागू असते, तीनाखालच्याला मोठ्यांच्या ताटातून फुकट, नऊपर्यंत लहान मुलांचा दर आणि दहापासून मोठ्यांचा, म्हणजे तेच खोटे दिवसातून दोन-तीनदा नव्याने सांगावे लागेल.

सासूबाईंचा मुद्दा मला अधिक आवडला, हे कबूल करतो. १४ नोव्हेंबर २०१६ला त्रिपुरी पौर्णिमाच होती आणि यंदा ती २४ नोव्हेंबरला येते, हा त्यांचा हिशेब अचूक आहे. घरी औक्षण तिथीने करण्याला कोणाची हरकत असणार? तुम्ही परतलेल्या असाल तर त्रिपुराच्या दिव्यांत ते छानच दिसेल. परंतु पासपोर्ट ज्या पंचांगाने काढला, त्याच पंचांगाने तिकीट काढावे लागते.

तेव्हा दोन मार्ग उरतात. शक्य असेल तर उद्यानाचे सगळे दिवस १३ नोव्हेंबरपर्यंत आटोपून घ्यावेत, मुलीला लहान मुलाचे तिकीट हक्काने काढावे आणि १४ तारीख मामाच्या घरी किंवा डिस्ने स्प्रिंग्ज या तिथल्या खरेदी-खाण्याच्या भागात साजरी करावी; त्या भागात जायला तिकीट लागत नाही. पण मुलीने वाढदिवस उद्यानातच करायचा ठरवला असेल, आणि तुमच्या पत्रावरून ती ठरवलेले सोडणारी दिसत नाही, तर सरळ दहा वर्षे आणि त्यापुढचे तिकीट काढून मोकळे व्हा. तिकीट अनेक दिवसांचे असून त्यातला पहिला दिवस वाढदिवसाच्या आधी येत असेल, तर एका तिकिटावर दोन वये लिहिता येत नाहीत. अशा वेळी भावाने खरेदीपूर्वी त्यांच्या ग्राहक विभागाला जन्मतारीख आणि भेटीचे दिवस कळवून लेखी विचारणा करावी व आलेले उत्तर जपून ठेवावे. भावाला सांगताना ‘मुलगी दहाची आहे’ किंवा ‘नऊची आहे’ असे काहीच सांगू नका, फक्त तारीख सांगा.

आता वॉटर पार्कमधल्या त्या नळ्याबद्दल. तुम्हाला वाटले तुमच्या शब्दावर आणि दाखल्यावर अविश्वास दाखवला गेला. रखवालदाराची वागणूक उद्धट होती यात वाद नाही. मुलीच्या डोक्याला हात लावण्यापूर्वी विचारायला हवे होते. पण नियम म्हणून पाहिले, तर त्याने तुम्हाला खोटे ठरवले नव्हते. आपल्याकडच्या अनेक उद्यानांत तिकीट उंचीवरच असते. आपल्या नागपूरकरांच्या पायाखालच्या हैदराबादेतील वंडरलाचेच पाहा: ८५ सेंटिमीटरखाली प्रवेश मोफत, ८५ ते १४० सेंटिमीटर लहान मुलाचे तिकीट आणि त्यावर मोठ्यांचे. कारण साधे आहे. वयाला कागद लागतो, तो बहुतेकांकडे नसतो, असला तरी खरा की खोटा हे दारावर ठरवता येत नाही, आणि ‘साडेचार’ म्हणणारे वडील आपल्याकडे कमी नाहीत. उंचीला फक्त एक पट्टी लागते आणि वाद घालायला जागा राहत नाही. शिवाय आतल्या पाळण्यांना आणि घसरगुंड्यांना उंची तपासावीच लागते, मग तीच पट्टी दारातही लावून टाकली जाते.

या पद्धतीत अन्याय होतो तो उंच मुलांवरच. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलीची मध्यम उंची सुमारे १३८.६ सेंटिमीटर आहे; म्हणजे १४० सेंटिमीटरची रेष जेमतेम त्या सरासरी मुलीच्या डोक्यावरून जाते आणि जी मुलगी जरा लवकर वाढते ती आठव्या-नवव्या वर्षीच मोठी ठरते. तुमची मुलगी साडेआठ वर्षांची असताना त्या पट्टीच्या वर गेली, यात तिचे वय कोणी नाकारले नव्हते, तिथे वय विचारलेच गेले नव्हते. हा फरक तुम्ही तिला नीट समजावून सांगावा असे मला मनापासून वाटते, कारण तुमच्या पत्रावरून तिची समजूत अशी झालेली दिसते की आपण उंच आहोत म्हणून आईला सगळ्यांसमोर ऐकून घ्यावे लागले.

ओरलँडोत तिच्या उंचीचा उपयोगच होणार आहे. तिथेही उंचीची पट्टी आहे, पण ती तिकिटाच्या खिडकीवर नसून प्रत्येक राइडच्या तोंडाशी आहे. टॉवर ऑफ टेररला ४० इंच, म्हणजे १०२ सेंटिमीटर लागतात. स्पेस माउंटनला ४४ इंच, म्हणजे ११२. टुमारोलँड स्पीडवे नावाचा मोटारींचा छोटा रस्ता आहे, त्यावर एकट्याने गाडी चालवायला ५४ इंच, म्हणजे १३७ सेंटिमीटर उंची हवी. तुमची कन्या ५७ इंचांची आहे. तिथे पट्टीखाली ताठ उभी राहिली की तिला स्वतःची गाडी मिळणार आहे. निघण्यापूर्वी तिला ही एवढी एक माहिती द्या, मी म्हणतो म्हणून, आणि तिचे खांदे कुठे जातात ते पाहा.

धाकट्याची मात्र थोडी निराशा होईल. या वयाची मुले साधारण ३७ इंचांच्या आसपास असतात आणि उंचीची अट असलेल्या बऱ्याच राइड ३८ इंचांपासून सुरू होतात. वय कमी म्हणून तिकीट वाचले आणि उंची कमी म्हणून राइड हुकली, असे त्याचे गणित आहे; तरी उंचीची अट नसलेल्या राइड त्याला दमवायला पुरेशा आहेत. तुम्ही दोघे मोठ्या राइडवर आळीपाळीने जाऊ शकता, म्हणजे एकजण मुलाजवळ थांबतो आणि नंतर त्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. ही सोय राइडच्या दारावर मागून घ्यायची असते. मुलगी कितीही मोठी दिसली तरी तिला एकटीला उद्यानात सोडू नका, चौदा वर्षांखालील मुलासोबत चौदा किंवा अधिक वयाची व्यक्ती असावी असा तिथला नियम आहे.

ज्या इतर वाचकांनी याच सुट्टीसाठी वेगवेगळ्या ठिकाणांबद्दल विचारले आहे, त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की ही वयाची रेघ जागोजागी निराळी आहे. हाँगकाँगच्या डिस्नेत तीन ते अकरा वर्षे लहान मूल धरतात, टोकियोत चार ते अकरा आणि तिथे बारा ते सतरा असा आणखी एक गट आहे, सिंगापूरच्या युनिव्हर्सलमध्ये चार ते बारा. एका ठिकाणचा नियम दुसरीकडे गृहीत धरू नये आणि शेजाऱ्यांच्या चार वर्षांपूर्वीच्या सहलीवरून तर मुळीच धरू नये.

ज्यांचे पासपोर्ट अजून व्हायचे आहेत त्यांच्यासाठी जन्माचा दाखलाच सर्वांचे मूळ आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून केवळ तोच चालतो. नागपूर महापालिकेचा दाखला हाती असेल तर तो आजच उघडून पाहा, कारण इस्पितळातून नोंद झाली तेव्हा बाळाचे नाव ठरलेले नसते आणि कित्येक घरांत नावाची ती जागा कोरीच राहिलेली असते. नोंदीनंतर बारा महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येते, पुढे पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. नावाचे इंग्रजी स्पेलिंग, वडिलांचे नाव, आडनाव हे दाखला, पासपोर्ट आणि विमानाचे तिकीट या तिन्हींवर अक्षरशः सारखे असावे; ‘दीक्षित’मधला ‘दी’ एका कागदावर एका आयने आणि दुसऱ्यावर दोन ईने लिहिलेला असेल, तर तो प्रश्न विमानतळावर नको, घरीच सोडवावा.

राहता राहिल्या सासूबाई. रांगेत नातवाला कडेवर घेऊन पुढे उभ्या राहणाऱ्या त्याच असतील, वय विचारले तर उत्तरही त्याच देतील, आणि ते ‘थ्री रनिंग’च असेल. मुंबई सुटल्यावर विमानात भरपूर वेळ असतो. तेवढ्यात नातीला त्यांच्या शेजारी बसवा आणि ‘टू’ म्हणण्याची तालीम तिच्याकडूनच करवून घ्या.